ड्रॉइंग बोर्डावरचा पाईप

आमच्या घरात तंबाखू कोणी कशी घ्यायची हे ज्याच्या त्याच्या कामाने ठरवलं होतं. आजोबा निपाणीकडच्या एका गावात तंबाखूच पिकवायचे. ते चिलीम ओढत. चिलीम एकट्याची नसते. बांधावर चार माणसं टेकली की एकीवर सगळ्यांचं भागतं. ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, गुंडाळायची, एकाने दम मारायचा, दुसऱ्याकडे द्यायची, तेवढ्यात बैलही विसावा घेतात. आजी मिश्री लावायची, कारण सासरच्या माणसांपुढे धूर काढण्याची तिला सोयच नव्हती. बाबा लालबागला मिलमध्ये, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तिथे हवेत कापसाचं तूस तरंगत असतं. एक ठिणगी पडली तर अख्खं खातं पेटेल, म्हणून आत विडीकाडीला सक्त मनाई. पण साच्यावर उभ्या उभ्या तळहातावर तंबाखू मळून गालात धरायला हरकत नव्हती. गिरणगावात घराघरांत जी चुन्याची डबी दिसायची, तिच्यामागे ही मनाई होती असं माझं ठाम मत आहे.

मी पाईप ओढायला लागलो. चाळीत लोकांना वाटलं, पोरगा फोर्टात नोकरीला लागला आणि साहेबी शौक शिकला. तसं नव्हतं. आजोबांना चिलीम आणि बाबांना डबी जशी कामाने दिली, तसाच पाईप मला माझ्या कामाने दिला. बोर्डावर शाईने इमारतींचे नकाशे काढण्याचं ते काम आता मुंबईत त्या पद्धतीने कुणी करत नाही, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. मी तेव्हा आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स करत होतो. तो संपला आणि १९८४ साली हॉर्निमन सर्कलच्या मागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे पारदर्शक ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवून काढायला, लागलो. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. सिगारेट ओढत नव्हतो, तंबाखू खात नव्हतो. घरात इतकी तंबाखू असताना मला तिचं आकर्षण असं कधी नव्हतंच.

ऑफिसात खिडकीला समांतर दोन रांगांत बोर्ड लावलेले. सगळ्यांत पुढचा, उजेडाचा बोर्ड चीफ ड्राफ्ट्समनचा. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. नाना गिरगावातले, पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि दातांत एक वाकडा, बुटका, झाकणाचा पाईप. वाटीवर जाळीचं छोटं धातूचं झाकण. पहिल्या दिवशी मी त्या झाकणाकडेच बघत होतो. त्यांना ते कळलं असावं.

"अरे, तू ओढतोस का काही?"

"नाही नाना."

"बरं आहे. ओढणार असशील तर या हॉलमध्ये सिगारेट पेटवायची नाही. कळलं?"

कारण त्या दिवशी कळलं नाही, आठवड्याभरात कळलं. शेजारच्या बोर्डावरचा एक जण जेवणाच्या सुट्टीत सिगारेट तोंडात तशीच ठेवून काहीतरी दुरुस्त करायला वाकला आणि राखेचं बोंड ट्रेसिंगवर पडलं. त्याने सवयीने बाहीने झटकलं. जिन्याच्या सेक्शनमधली शाई अजून वाळली नव्हती. काळा फराटा थेट टायटल ब्लॉकपर्यंत, म्हणजे नकाशाच्या नावाच्या चौकटीपर्यंत, गेला. ट्रेसिंगवरची शाई खोडरबराने जात नाही. ब्लेडच्या कोपऱ्याने हलक्या हाताने खरवडावी लागते. जिथे खरवडलं तिथे कागद पातळ होतो आणि पुन्हा ओढलेली रेघ फुटते, पसरते. त्याची दुपार त्यात गेली.

पाईपची राख वाटीतच राहते. दोन्ही हात मोकळे राहतात, एक टी-स्क्वेअरवर, एक पेनावर. नाना चार-चार तास बोर्डावर वाकलेले असायचे आणि त्यांच्या कागदावर धुरकट डागसुद्धा नसायचा. त्यांचेही नियम होते. पाईप बोर्डावर कधी पेटवायचा नाही, उठून खिडकीशी जायचं. पेटवून, दाबून, झाकण लावूनच जागेवर यायचं. रिकामाही तिकडेच करायचा. नकाशांच्या प्रती काढायच्या अमोनिया प्रिंटच्या मशीनच्या खोलीत तर पाईप खिशातसुद्धा नको, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या वासाने तंबाखू बिघडते अशी त्यांची समजूत होती.

मी पाईपकडे वळलो तो मात्र या सोयीमुळे नाही. वळलो ते नानांची रेघ बघून.

शाईची लांब रेघ ओढताना माणूस श्वास धरतो. कुणी शिकवत नाही, आपोआप होतं. ०.३ चं रॉट्रिंग पेन, कागदाशी काटकोन, एकच वेग. मध्ये थांबलात तर थांबल्या जागी थेंब साचतो. नाना दोन फूट लांबीची रेघ ओढायचे तेव्हा त्यांच्या पाईपमधून धूर येणं बंद व्हायचं. रेघ संपायची, पेन उचललं जायचं, आणि मग एक बारीकसा झुरका. पुन्हा रेघ. मी मागून बघत राहायचो. पाईपला जी चाल लागते, तीच रेघेला लागते. भराभर ओढलं तर वाटी तापते आणि जीभ पोळते, फार वेळ विसरलं तर विझतो. नानांच्या हातात आणि तोंडात एकच लय होती. माझ्या रेघा तेव्हा सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक यायच्या, कारण शेवट जवळ आला की मी घाई करायचो. मला ती लय हवी होती. पाईप मिळाला तर लयही मिळेल, असं माझ्या विशीतल्या डोक्याने ठरवलं.

आमच्या ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं, पाईप हवा तर चोरबाजारात जा, शुक्रवारी, उजाडताना. करी रोडहून गाडी पकडून सँडहर्स्ट रोडला उतरलो आणि मटन स्ट्रीटच्या दिशेने चालत गेलो. जुम्म्याचा बाजार फुटपाथवरच मांडलेला. नळाच्या तोट्या, घड्याळांची यंत्रं, एका पायाचे बूट, डॉक्टरांच्या सुया. एका चादरीवर जहाजाचं सामान होतं: पितळी दिवे, कंपास, जेवणाचे काटे. दारूखान्यात तेव्हा जहाजं तोडायचे, तिथला माल इकडे यायचा. त्यातच तीन पाईप पडले होते.

"जहाज का माल है, गोरे कप्तान का," चादरवाला म्हणाला. कप्तानाचं मला काही नव्हतं. मी तिन्ही दातांत धरून बघायचं म्हटलं तर त्याने पुसायला स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल दिला. दोन जड होते. तिसरा हलका, थोडा वाकडा, नळीवर आधीच्या मालकाच्या दातांच्या दोन खाचा. घासाघीस करून तीस रुपयांना घेतला. त्या काळात माझ्यासाठी ती रक्कम लहान नव्हती.

नानांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, उजेडात फिरवला. लाकडाच्या रेषा वाटीभोवती सरळ वर जात होत्या. मग त्यांनी मला बसवून त्या लाकडाबद्दल सांगितलं आणि ते मी पुढे पुष्कळ वाचून तपासलं. पाईपचं चांगलं लाकूड म्हणजे ब्रायर. ते झाडाच्या खोडाचं किंवा फांदीचं नसतं. भूमध्य समुद्राच्या काठी, कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीचा कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा ठिकाणी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या मुळाशी, जमिनीत, एक गाठ धरते. ती वर्षानुवर्षं वाढते. खणून काढल्यावर तिचे तुकडे करून तासन्‌तास पाण्यात उकळतात, त्यातला रस आणि टॅनिन जावं म्हणून, आणि मग महिनोन्‌महिने सावकाश सुकवतात. ही गाठ अतिशय घट्ट असते, उष्णता सोसते आणि धुरातला ओलावा शोषून घेते. म्हणून लाकूड असूनही आत निखारा असताना ती पेटत नाही. फ्रान्समध्ये जुरा डोंगरातलं सेंट-क्लोद हे गाव १९ व्या शतकापासून या ब्रायर पाईपांसाठी ओळखलं जातं. तुर्कस्तानात एस्किशेहिरला मेअरशॉम नावाचा पांढरा, हलका दगड निघतो, त्याचे पाईप ओढता ओढता मधाच्या रंगाचे होतात. अमेरिकेत मिसुरीला मक्याच्या कणसाचे पाईप करतात, त्यांचा कारखाना १८६९ पासूनचा आहे. कणसाचा पाईप मला सगळ्यांत आवडतो. शेतकऱ्याच्या घरात उरलेल्या वस्तूतून आलेला आहे तो.

"तोंडाला लावायचा तर आधी साफ," नाना म्हणाले. वाटीत मीठ आणि कापूस भरून त्यावर स्पिरिट टाकलं, रात्रभर ठेवलं. सकाळी मीठ तपकिरी झालं होतं. आधीच्या माणसाची सगळी तंबाखू त्या मिठात उतरली होती.

तंबाखू नानांकडची. त्यांचे मेहुणे बोटीवर होते, ते येताना अँफोराची पाकिटं आणायचे. मी निपाणीची थोडी तंबाखू आणून दाखवली होती, गावाकडची, अभिमानाने. नानांनी चिमूट भरून वास घेतला आणि सांगितलं की ही विडीची जात, उन्हात वाळवलेली, ही पाईपमध्ये कडक जळेल. पाईपला मुख्यतः व्हर्जिनिया किंवा बर्ली लागते. व्हर्जिनिया आपल्याकडे आंध्रात गुंटूरच्या बाजूला पिकते, बंद खोलीत गरम हवेने सुकवतात, त्यात साखर जास्त राहते. सायप्रसकडची लटाकिया तर लाकडाच्या धुरावर सुकवतात, तिचा वास उघड्या डबीतून खोलीभर पसरतो. आजोबांनी आयुष्यभर जे पीक काढलं, त्याची एवढी गोत्रं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, तेव्हा आजोबा त्या रस्त्यावर बसले होते. भाव व्यापारी ठरवत होते, शेतकरी नाही. एका पाकिटातल्या पन्नास ग्रॅम तंबाखूची फोर्टातली किंमत मी त्यांना पुढे सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन् आमाला ते दर किलोला बी देत न्हवते."

भरायची पद्धत नानांनी एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर शिकवली. तीन चिमटींत. पहिली नुसती सोडायची, लहान मुलाच्या हाताने दाबल्यासारखी. दुसरी बाईच्या हाताने. तिसरी पुरुषाच्या. हे पाईप ओढणाऱ्यांत जगभर सांगतात. भरून झाल्यावर न पेटवता ओढून बघायचं, हवा सहज आली पाहिजे. काडी ओढली की तिच्या टोकाचं गंधक जळून जाऊ द्यायचं, मगच वाटीवर धरायची आणि गोल फिरवायची. तंबाखू फुलून वर येते. ती सपाट डोक्याच्या खिळ्याने हलकेच दाबायची आणि पुन्हा पेटवायची. खरी पेट ही दुसरी. आणि धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच फिरवून सोडायचा.

छातीत न घेताही मला गरगरलं. नानांनी खालच्या इराण्याकडून गोड चहा मागवला आणि समजावलं की पाईपचा धूर तोंडातूनच अंगात भिनतो. सिगारेटच्या धुरापेक्षा तो अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन गालाच्या आणि जिभेच्या त्वचेतून सरळ रक्तात जातं. बाबा गालात तंबाखू धरायचे तेही त्याच वाटेने जायचं.

नव्या वाटीत पहिले काही आठवडे अर्धीच तंबाखू भरायची असते. आत काजळीचा पातळ थर धरतो आणि तो लाकडाला वाचवतो. जुन्या पाईपचा तो थर आम्ही खरवडून टाकला होता, म्हणून मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. थर नाण्याच्या जाडीइतका झाला की पुरे. त्याहून जाड झाला तर तापल्यावर फुगतो आणि वाटीला तडा जातो.

जून आला. मुंबईच्या पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर फुगतो, बोर्डावर लाटा उठतात, सकाळी ताणून चिकटवलेला कागद दुपारी सैल पडतो. तंबाखूचंही तेच. हवेतली ओल पिऊन ती जड होते. तशीच भरली तर धुराबरोबर वाफ येते, नळीत पाणी गुडगुडतं आणि जिभेला चटका बसतो. नाना सकाळी आल्या आल्या टेबललॅम्प लावायचे. त्याच्या खाली एका बाजूला ट्रेसिंगचा कोपरा, दुसऱ्या बाजूला जुन्या प्रिंटच्या पाठीवर पसरलेली चिमूटभर तंबाखू. कागद टणटणीत झाला की काम सुरू, तंबाखू बोटांत दाबली असता चिकटून न राहता सुटली की पाईप सुरू. मी पण तसंच करायला लागलो. त्या पावसाळ्यात मला ट्रेसरचा ड्राफ्ट्समन केलं. रेघ सरळ आणि सारख्या जाडीची येऊ लागली होती. पाईपमुळे आली की रोज दहा तास बसल्यामुळे आली, ते सांगता येणार नाही. मला मात्र त्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

घरी मी लपवलं नाही. आईने शर्टाचा वास घेतला आणि काही न बोलता तो वेगळ्या बादलीत टाकला. बाबांनी पाईप मागून घेतला. संपानंतर त्यांच्या हातात काम असं काही राहिलं नव्हतं, दुपारभर ते गॅलरीत बसायचे. त्यांनी वाटी अंगठ्याने चोळली, तळाशी, कडेने, पुन्हा तळाशी. "धोट्याचं लाकूड असंच गुळगुळीत असतं," म्हणाले. धोटा म्हणजे साच्यावर आडवा धागा नेणारी लाकडी नाव. "हजारदा ताण्यातून गेलं की." धोट्याबद्दल ते संपानंतर पहिल्यांदाच काही बोलत होते. त्या रात्री ते खूप बोलले, साच्यांच्या आवाजाबद्दल, तुटलेला धागा आवाजातला फरक ऐकून कसा कळायचा त्याबद्दल. मी पाईप पेटवला नाही, नुसता त्यांच्या हातात राहू दिला.

मधली वर्षं पटकन सांगतो. नाना निवृत्त झाले. १९९० नंतर ऑफिसात पहिला संगणक आला, नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं, त्याच्यासाठी एसी बसला, खिडक्या बंद झाल्या. बोर्ड एकेक करून भंगारात गेले. मी माउसवर रेघ मारायला शिकलो. तिला श्वास धरावा लागत नाही. दोन टोकांवर क्लिक केलं की झाली. हात रिकामा, तोंड रिकामं, आणि पाईप ओढायला जिना उतरून गल्लीत जावं लागायचं. गल्लीत उभं राहून पाईप ओढण्यात मला काही अर्थ वाटेना.

त्याच सुमारास मामांना जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला. आमच्या घरापासून टाटा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. १९४१ पासून ते परळला उभं आहे, आणि लालबाग-परळच्या माणसांना त्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटांची लहानपणापासून ओळख असते. मामांबरोबर मी तिथे बसलो तेव्हा रांगेत तंबाखू-चुना, मिश्री, विडी, सगळं होतं. पाईपही त्यातलाच. धूर छातीत न घेतल्याने ओठ, जीभ, घसा सुटत नाहीत. मामा वर्षभराने गेले. मी शेवटची वाटी कधी ओढली ते आठवत नाही, पण त्यानंतर ओढलेली नाही. कुणी तरुण मुलगा मला पाईप कसा सुरू करू म्हणून विचारतो तेव्हा मी त्याला सांगतो, सुरू करू नकोस. आणि मग पाईप दाखवतो, कारण ती वस्तू बघण्यासारखी आहे.

आता माझ्याकडे बरेच आहेत. काही चोरबाजारातले, काही ओळखीच्यांनी वडिलांच्या कपाटातून काढून दिलेले. मी ते साफ करतो, बसवतो आणि ज्याचे त्याला परत देतो. तुमच्या घरात असा एखादा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. अडकलेली नळी जोर लावून पिळू नका, दांडीला तडा जातो. आधी पाईप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मग हलकेच फिरवत ओढा, बहुतेक वेळा सुटते. काळी नळी हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती इबोनाइटची आहे. म्हणजे गंधक घातलेलं रबर, उजेडाने त्याचा रंग उतरतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, वरून खोबरेल तेलाचा हात द्या. वाटी नळाखाली धुऊ नका. आतला काजळीचा थर सगळा काढू नका, नाण्याइतका राहू द्या. आणि वाटीच्या तळाशी बोटाने दाबून बघा. तिथे लाकूड मऊ लागलं तर ते आतून जळत आलंय, ते कुणाला दुरुस्त करता येत नाही.